मारोतरावांची तिसरी हाक

आमचे शेजारी मारोतराव भाजीवालीला तीनदा हाक मारत. तिसऱ्या हाकेपर्यंत ती दारात आली नाही, तर त्या दिवशी भाजी बंद. मागाहून ती टोपली घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली तरी हे खाटेवरून हलायचे नाहीत. "तीन हाका झाल्या, बाई. आता काई चालत न्हाई," म्हणायचे आणि ठेच्याशी भाकरी खाऊन उठायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मारोतराव कळमनुरीच्या कोर्टात पट्टेवाले होते आणि मी तिथलाच कारकून. आमच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. कोर्टात पुकारा करणं हे त्यांचं काम. ओसरीवर उभं राहून नाव तीनदा पुकारायचं. माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि निकाल त्याच्या माघारी. आवाज असा खणखणीत, की बसस्टँडवर चहा पिणारा साक्षीदार कप तसाच टाकून पळत येई. हे काम बाकीचे पट्टेवाले कोर्टातच ठेवून येत. मारोतराव ते घरी घेऊन आले होते.

माझ्या पुतणीच्या लग्नात मला दुर्बुद्धी झाली आणि नवरदेवाला बोलवायला मी ह्यांना सांगितलं. नवरदेव मांडवामागे पान खात होता. ह्यांनी बोहल्यापाशी उभं राहून तीन हाका दिल्या आणि भटजींना सांगून टाकलं, "पोरगं गैरहजर. पुढचं घ्या." पुढचं म्हणजे काय, हे विचारायला व्याही लाल डोळे करून माझ्याकडे आले.

बायको, जनाबाई, गेल्यापासून अशा ह्या माणसाच्या घरात दुसरा जीव एकच, त्यांचा कुत्रा. त्याचं नाव वकील. गावातल्या एका खऱ्या वकिलांना ते झोंबलं.

"काहून हो, हे नाव काहून?" त्यांनी विचारलं.

"तो एकाच बाजूनं बोलतो साहेब, माझ्या. तुमच्यात न् त्याच्यात तेवढाच फरक."

वकील रोज कोर्टापर्यंत सोबत यायचा आणि तिथल्या कडुलिंबाखाली दिवसभर पडून राहायचा. संध्याकाळी मारोतराव पायरीवरून ओरडत, "वकील हाजिर होऽऽ!" पहिल्याच हाकेला तो पायाशी. दुसरी हाक त्याच्यासाठी कधी लागलीच नाही.

एका उन्हाळ्यात त्याच्या जबड्याला गाठ आली. बघता बघता ती लिंबाएवढी झाली, मग फुटली. खाणं सुटलं. मारोतराव कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात दूध पिळत, अर्धं बाहेर गळे. जखमेवर माश्या घोंगावत, त्या हे पंच्याने वारत बसत. वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येई. माझी बायको तिथली खिडकी लावून घेई.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बैल-म्हशी बघणारे, तरी त्यांनी नीट तपासलं. म्हणाले, "आतून पसरलंय. ह्याला औषध नाही. इंजेक्शन देऊन मोकळं करू, सुटेल बिचारा."

मारोतरावांनी हात जोडले. "पुढची तारीख द्या, साहेब."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरं, सोमवारी. सोमवारी ह्यांनी पुन्हा तारीख मागितली. मग डॉक्टरही हसेनासे झाले. इकडे वकील उन्हातून सावलीत सरकायला कण्हत होता.

शेवटी मीच चिडलो. "मारोतराव, हा तुमच्यासाठी जगतोय. त्याला स्वतःला काय हवं, ते कधी विचारलंत?"

त्यांनी वकिलाच्या जखमेवरची माशी पंच्याने वारली. मग म्हणाले, "बराबर हाय, भाऊसाहेब. लई तकलीफ व्हून राहिली त्याला. उद्या सकाळी पुकारा करतो. तिसऱ्या हाकेपर्यंत उठला तर उठला. न्हाई तर डॉक्टरला आणतो."

सकाळी मी भिंतीशी उभा. "वकील हाजिर होऽऽ!" वकिलाने मान उचलली नाही. दुसरी हाक झाली. कान हलला असेल नसेल. तिसरीची मी वाट बघत राहिलो. मारोतरावांनी पट्टा बांधला, दाराला कडी घातली आणि कोर्टाकडे चालू लागले.

दुसऱ्या सकाळी दोनच हाका. त्यानंतरही रोज दोनच. एका संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "घसा बसून राहिला." त्याच दुपारी त्यांची हाक बसस्टँडपर्यंत गेली होती.

मग एका रविवारी पहाटेपासून वकील ओरडायला लागला. तो आवाज कुत्र्याचा वाटत नव्हता. मारोतराव कुणाला न विचारता गेले आणि डॉक्टरांना घरून घेऊन आले. भिंतीवरून मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी पण या." सुट्टीचा दिवस, तरी त्यांनी कोर्टाचा पट्टा आणि फेटा बांधला होता. एरवी मी थट्टा केली असती.

त्यांनी दोन हाका उभं राहून मारल्या, पूर्ण आवाजात. मग खाली बसले, वकिलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिसरी हाक त्याच्या कानात मारली. आम्हाला ती ऐकूही आली नाही.

वकिलाची शेपटी जमिनीवर एकदा आपटली.

डॉक्टरांनी सुई मागे घेतली. "हाजिर आहे म्हणतोय हो. तारीख देऊ का?"

मारोतरावांनी मान हलवली. "नको साहेब. हाजिर हाय तवरच होऊ द्या. जना गेली तवा मी कोर्टात पुकारा करून राहिलो होतो. दवाखान्यात ती माझं नाव घेत व्हती म्हणं. मी गैरहजर. याच्या टायमाला मी हाय."

सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. वकिलाला आम्ही त्यांच्याच अंगणात पुरलं.

दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. कोर्टाची वेळ होत आली होती. मी चहाचा कप घेऊन भिंतीशी गेलो आणि हाक मारली, "मारोतराव!" ओ आली नाही. पुन्हा मारली. दार नुसतंच लोटलेलं दिसत होतं. तिसरी हाक ओठांवर आली, पण ती मारायची माझी छाती होईना. तसाच कप घेऊन वळसा घालून मी त्यांच्या दाराकडे धावलो.