चौपाटीवर उतरलेलं यान

मधूभाऊ परब टीव्हीला ताप आलाय का ते बघतात. थट्टा नाही करत. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर लटकवलेला पातळसा टीव्ही आहे. भाऊ त्याच्या मागे हात सरकवतात, डोळे मिटतात, आणि मग डॉक्टरी गांभीर्याने जाहीर करतात, "तापलो हा गो. जरा विसावो दी तेका." की टीव्ही बंद. आम्ही सगळे काळ्या काचेकडे बघत बसलेलो. माझ्या मुलीने, मुक्ताने, त्यांना कितीदा तरी सांगितलं की भाऊआजोबा, हल्लीचे टीव्ही असे तापत नाहीत. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेका काय होता ता तेका म्हायत. तू कशाक मधी पडतंस?"

भाऊ आमचे जन्माचे शेजारी. लालबागच्या चाळीत आमची भिंतीला भिंत होती, आता त्याच जागेवर टॉवर झाला तर दाराला दार आहे. सत्तरी उलटली. एका औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात नोकरी केली, वेळेवर गेले, वेळेवर आले, रिटायर झाले. वरवर बघाल तर तुमच्याआमच्यासारखाच माणूस. फक्त त्यांच्यासमोर 'यान अगस्ती'चा विषय काढू नका. काढलात तर संध्याकाळचा काही बेत ठेवू नका.

तरुण मंडळींसाठी सांगते. आमच्या लहानपणी, टीव्हीवर एकच चॅनेल होता तेव्हा, रविवारी सकाळी 'यान अगस्ती' नावाची मालिका लागायची. पृथ्वीवरचं पाणी संपत आलेलं, आणि कॅप्टन ध्रुव नावाचा बाप्या पाच माणसं घेऊन दूरच्या ग्रहावर पाणी आणायला निघालेला. यानातली बटणं म्हणजे बरण्यांची झाकणं होती हे आत्ता कळतं. कॅप्टनचा अंतराळ पोशाख म्हणजे चंदेरी रंग दिलेला रेनकोट. पण तेव्हा आम्ही श्वास रोखून बघायचो.

आमच्या माळ्यावर टीव्ही होता फक्त भाऊंकडे. त्यामुळे नियमही भाऊंचे. आंघोळ केल्याशिवाय आत प्रवेश नाही. शीर्षकगीत सुरू झालं की दाराला कडी. उशिरा येणाऱ्याने गॅलरीच्या खिडकीतून बघायचं आणि काय झालं ते विचारायचं नाही. प्रभाकाकी, म्हणजे भाऊंची बायको, बिचारी मोरीच्या कठड्यावर बसून बघायची, कारण खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. तिने एकदा ऐन लढाईत कुकर लावला तर भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. काकी म्हणते, माझ्या संसारातले तेवढेच शांततेचे दिवस.

तर गेल्या वर्षी बातमी आली की 'यान अगस्ती' नव्याने येतंय. मोबाइलवरच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर नुसता गदारोळ. एरवी तिथे गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीचे उपाय यापलीकडे काही नसतं. आता एकेकाला कंठ फुटला. कॅप्टन ध्रुव या खेपेला बाई आहे, हे कळल्यावर तर जन्मात शीवच्या पुढे न गेलेली माणसं अंतराळात बाईमाणसाला काय जमतं नि काय नाही यावर व्याख्यानं द्यायला लागली. कुणी म्हणे आमच्या बालपणाचा खून केला. कुणी म्हणे आधी बघू तरी. त्यावर पहिल्याने दुसऱ्याला ग्रुप सोडायला सांगितलं.

मला वाटलं, भाऊ आता पेटणार. मी मुद्दाम जाऊन डिवचलं, "काय हो भाऊ, कॅप्टन बाई केलीय म्हणे!"

भाऊ खिडकीशी पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई असांदे नायतर बाप्यो असांदे. परत येवक होयो."

मग त्यांनी एक उद्योग केला. ज्या ॲपवर ही मालिका येणार होती त्याच्या कस्टमर केअरला फोन लावला. स्पीकरवर. मी होते समोर. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारत होती, "सर, आपका सबस्क्रिप्शन रिन्यू करना है क्या?" आणि भाऊ ओरडून ओरडून हिंदीत, "वो सब रैने दो! कॅप्टन वापस आता है की नहीं, वो बताव!" तिने त्यांना तीनदा होल्डवर ठेवलं. शेवटी तिने तक्रार नोंदवून घेतली. कसली नोंदवली देव जाणे.

हे सगळं शेवटासाठी का, हे सांगायला हवं. कारण मलाही त्या शेवटाचीच पडली होती.

मालिका संपत आली होती आणि माझे बाबा हॉस्पिटलात गेले. गेले ते आलेच नाहीत. मी तेव्हा तिसरीत. आमच्या चाळीत रीत अशी की एका घरात मयत झालं की अख्ख्या माळ्याचं सुतक. रेडिओ बंद, टीव्ही बंद, फोडणीचा वाससुद्धा बाहेर येऊ द्यायचा नाही. नेमका त्याच रविवारी 'यान अगस्ती'चा शेवटचा भाग. भाऊंनी स्वतःच्या हाताने टीव्हीवर चादर घातली. कुणी चकार शब्द काढला नाही. पण भाऊंना राहवेना. ते गुपचूप वरळीला, बीडीडी चाळीत, बहिणीकडे गेले आणि शेवटचा भाग बघून आले. मग तेराव्यानंतर त्यांनी तो सगळ्या माळ्याला गॅलरीत बसवून सांगितला. मला मात्र त्याच दिवशी सांगितला होता. आधी, एकटीला.

काय शेवट होता म्हणून सांगू! पाणी घेऊन यान परत येत असतं आणि मधेच इंजिन निकामी होतं. कॅप्टन मागच्या कप्प्यात एकटा थांबून बाकीच्यांना पुढे सोडतो. सगळे पृथ्वीवर पोचतात, कॅप्टनची खुर्ची रिकामी. रडारड. आणि तेवढ्यात आकाशात ठिपका! कॅप्टनचा कप्पा घुंऽऽ करत गिरगाव चौपाटीवर उतरतो. भेळवाले भराभर गाड्या बाजूला घेतात. घोडे उधळतात. ओल्या वाळूतून कॅप्टन ध्रुव चालत येतो.

आमच्या चाळीत या चौपाटीच्या सीनला तोड नव्हती. ज्यांनी तो बघितला नव्हता, म्हणजे भाऊ सोडून सगळ्यांनीच, ते तो इतरांना रंगवून सांगायचे. शाळेत एक मुलगी मला म्हणाली, छट्, कॅप्टन येतच नाही. मी तिची वेणी ओढली आणि वर्षभर तिच्याशी कट्टी. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "तेंचो अँटेना वाऱ्यान फिरलो आसतलो. दुसराच कायतरी दिसला आसतला." मला पटलं. मालिका पुन्हा कधी लागली नाही, तिच्या टेपाही पुढे पुसल्या गेल्या म्हणे. त्यामुळे कॅप्टनला वाळूतून चालत येताना मी कधीच बघितलं नाही, नुसतं ऐकलं. बाबा गेले त्या दिवसांतलं एवढंच एक चांगलं माझ्याकडे आहे. आता ते डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून मी पोरीसारखी उतावीळ झाले होते. त्यात लाज कसली?

दर रविवारी सकाळी नवा भाग यायचा आणि भाऊ-काकी आमच्याकडे. मी पोहे करायची. भाऊ दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "मुळात असां नव्हतां." मुळात दरवाजा उजवीकडे सरकायचा. मुळात रोबोला नाक होतं. मुळात हे मोहीमवाले एकमेकांना शिव्या देत नसत. मुक्ता वैतागून म्हणाली, "आजोबा, मुळात काय होतं त्याचा पुरावा आहे का कुठे?" भाऊ पटकन टीव्हीचा ताप बघायला उठले. मालिका छान होती हो. नवी कॅप्टन तर मला फार आवडली. पण शेवट जवळ यायला लागला तसे भाऊ पोहे निम्मे टाकायला लागले.

शेवटच्या रविवारी सकाळी दार वाजलं. भाऊ उभे, डोक्याला टॉवेल.

"टीव्ही लावू नको. सुतक हा."

"कोण गेलं?" मी विचारलं.

"गावाक. माझो चुलत आजो."

मागून प्रभाकाकी आली. "चुलत आजोबा? तुम्ही स्वतः काठी शोधायच्या वयाला आलात, आणि तुमचा आजोबा कालपर्यंत जिवंत होता? काय करत होता इतकी वर्षं, सूरपारंब्या खेळत होता?"

"लांबचो होतो," भाऊ पुटपुटले.

मला हसू यायला हवं होतं, पण मी भडकले. म्हटलं, "भाऊ, बास झालं हं. तुम्ही तेव्हा वरळीला जाऊन बघून आलात. मी घरात बसले होते. आज मला बघू द्या. तुम्हाला नसेल बघायचं तर नका बघू."

भाऊंनी टॉवेल काढला, घडी केली आणि खुर्चीवर बसले. एकदाही उठले नाहीत.

इंजिन निकामी झालं. कॅप्टन मागच्या कप्प्यात थांबली. बाकीचे पोचले. रिकामी खुर्ची दाखवली. मी आकाशात ठिपका शोधत होते. खुर्चीच दाखवत राहिले. मग नावं वर सरकायला लागली. मी मान वळवली तर भाऊ टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

तिकडे ग्रुप पेटला. "शेवट बदलला!" "चौपाटीचा सीन कापला, नालायकांनी!" "शूटिंगला परवानगी मिळाली नसेल." "निषेध!" मी पण रागाने काहीतरी टाइप करणार, तेवढ्यात मुक्ता तिच्या मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "आई, बाकी सगळीकडे उलटंच लिहितायत. पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे जुने फॅन आहेत. सगळे म्हणतायत, बरं झालं शेवट जुनाच ठेवला. ती रिकामी खुर्ची बघून पुन्हा तसंच रडलो म्हणतायत." तिने मोबाइल खाली ठेवला. "कॅप्टन मुळातच येत नाही, आई."

काकीने पदराने चष्मा पुसायला घेतला. मी भाऊंकडे बघितलं.

"नाय येणा," भाऊ म्हणाले. "मी वरळीहून चालत इलंय. सगळ्या वाटेन तेका शिव्या घातलंय. येवक काय झाला तेका? आणि आमच्या दारात इलंय तर तू जिन्यात बसलेलंस. केस पिंजारलेले. माका बघून उठलंस नि इचारलंस, 'भाऊ, आला?'" त्यांनी टॉवेलची घडी पुन्हा घातली. "तुझो बापूस येवचो नव्हतो. आणखी एक येवचो नाय म्हणान तुका कसा सांगू? माझ्या तोंडातसून येयना. म्हटलंय, इलो. मगे तू इचारलंस, खंय उतरलो? माका चौपाटी सोडून मोकळी जागा म्हायत नव्हती गो."

"आणि मग सगळ्या माळ्याला?"

"तू सगळ्यांका सांगत फिरलंस. मगे मी मागे कसो फिरू?"

आणि मला एकदम आठवलं. वाळूतून चालत आल्यावर कॅप्टन ध्रुवने पहिलं वाक्य काय म्हटलं होतं, ते. भाऊंनी सांगितलं होतं, कॅप्टनने टोपी काढली आणि विचारलं, "पोरां जेवली काय?" ते ऐकून मी घरात गेले होते आणि आईकडे भात मागितला होता. त्या मालिकेच्या लेखकाचं मी जन्मभर कौतुक करत आले, की काय माणूस असेल, एवढा मोठा अंतराळवीर आणि पहिली चौकशी पोरांच्या जेवणाची! तो मालवणीत कसा काय बोलला, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"तुझी आवस सांगी होती, पोर दोन दिस जेवना नाय," भाऊ म्हणाले. "म्हणान तेका तसा बोलूक लायलंय."

मी रडले. मुलीसमोर, काकीसमोर, चांगली हुंदके देऊन रडले. बाबांसाठी इतकं कधी रडले नव्हते.

भाऊंचा मोबाइल टेबलावर सारखा थरथरत होता. ग्रुपवर सगळे त्यांनाच हाका मारत होते. भाऊ, तुम्हीच बघितलाय मूळ भाग, तुम्हीच काय ते सांगा. बाहेरचे लोक आम्हाला खोटं पाडतायत. भाऊंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, आणि नुसतेच बघत राहिले.

"सांगून टाकूक होया आता," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि माझ्या मोबाइलवरून ग्रुपवर लिहिलं: कॅप्टन आला होता. मी तेव्हा जिन्यात बसले होते, तो आला म्हणून उठले आणि जेवले. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या घरी येऊन भांडावं.