पौर्णिमेचा बुफे

दीपमाला पुण्यात जेमतेम अकरा तास थांबणार होती आणि तिच्या भावाने, म्हणजे जयसिंगने, त्या अकरा तासांचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर चिकटवला होता.

जयसिंग चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सत्तावीस वर्षं लाइन चालवून त्याला अशी सवय झाली होती की घरातल्या बारशाचाही तो शिफ्ट-प्लॅन करायचा. तक्त्यात लिहिलं होतं: ८.५० विमान. ९.५० दिघी, शेखर, वीस मिनिटं. १०.३५ भोसरी, सोनबामामा, वीस मिनिटं. ११.२० चिखली, सुमनताई, पंचवीस मिनिटं. १.०० हॉटेल.

"अहो, ती पाहुणी येतीय की ऑडिटला?" त्याच्या बायकोने, कस्तुराने विचारलं.

"दारावरनं गाडी जाणार आणि आत पाय नाही टाकायचा? सुमनताई मरेपर्यंत काढेल ते! वीस मिनिटांत काय होतंय? चहा, पाणी, उठले."

कस्तुराने कपाळाला हात लावला. ह्या माणसाच्या नात्यात चहा-पाणी म्हणजे काय असतं, हे तिला सव्वीस वर्षांत पुरतं कळलं होतं. पोहे येतात. पोह्यांमागून शिरा येतो. नको म्हटलं की "आमच्याकडचं चालत न्हाई व्हय?" येतं, आणि ते आलं की भजी खावीच लागतात.

दीपमाला दुबईच्या एका दवाखान्यात मुख्य नर्स होती. सासरच्या लग्नासाठी नागपूरला आलेली, सकाळी पुण्यात उतरून रात्री आठच्या विमानाने दुबईला परतणार होती. फोनवर ती म्हणाली होती, "वहिनी, चाकण रोडच्या त्या मोठ्या हॉटेलात सगळं बुक केलंय. गाडी, खोली, दुपारचा बुफे. लग्न होऊन तू आलीस तेव्हापासून मी तुझ्या हातचं खातेय. एक दिवस तू बस. कुणीतरी तुला वाढेल."

फोन ठेवून कस्तुरा भाकरी थापायला ओट्याकडे वळली. तिने गरम भाकरी रोज पाहिली होती, पण तव्यावर. तिच्या ताटात ती यायची तेव्हा सगळ्यांचे हात धुऊन झालेले असायचे. आपण बसलोय आणि समोर वाफाळतं ताट येतंय, एवढीच गोष्ट तिला हवी होती. त्या बुफेत साठ पदार्थ असतात असं ऐकून तिने आदल्या रात्रीपासूनच पोटात जागा करायला घेतली.

आता प्रश्न होता दिघी, भोसरी आणि चिखलीचा. ॲसिडिटी सांगावी तर सुमनताई ओवा चावायला लावणार. डाएट सांगावं तर सगळे हसणार. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेली. दीपमाला येणार तो शुक्रवार, पौर्णिमा!

"माझा उपोसथ आहे म्हणून सांगते," ती म्हणाली.

उपोसथ म्हणजे बौद्धांनी पौर्णिमेला पाळायची आठ शीलं. कस्तुराच्या सासूबाई पाळायच्या. पांढरी साडी नेसायच्या आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत काही खायच्या नाहीत. कस्तुराने स्वतः कधी पाळला नव्हता. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, ही गोष्ट तिला आठवली, पण तिने तिकडे जरा काणाडोळा केला. हॉटेलात कोण बघायला येणार होतं?

सकाळी विमानतळावर हॉटेलची लांबलचक काळी गाडी आली. आतली सीट इतकी मऊ की कस्तुरा बसली ती बसतच गेली. जयदीप नावाच्या ड्रायव्हरने थंडगार, सुगंधी रुमाल दिले आणि मंद गाणी लावली. दीपमालाने वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कस्तुराला वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी.

ती दिघीला थांबली. पोहे, शिरा, गुलाबजाम. "माझा उपोसथ आहे," कस्तुरा म्हणाली आणि कुणी आग्रह केला नाही. भोसरीला साबुदाणावडा आणि मिसळ. सोनबामामा म्हणाले, "सून असावी तर अशी!" जयसिंगने दोन्हीकडे दोन्ही ताटं संपवली, कारण बायकोचं परत पाठवायचं कसं? दीपमालाचा चेहरा मलूल पडला. कस्तुराचं पोट मात्र मोकळं होतं, आणि मनातल्या मनात ती बुफेच्या पहिल्या टेबलाशी पोचली होती.

प्लॅनच्या पंचवीस मिनिटं मागे गाडी चिखलीला पोचली. सुमनताई म्हणजे जयसिंगची थोरली चुलतबहीण, विहारातल्या महिला मंडळाची प्रमुख. तिला सगळी सुत्तं तोंडपाठ, आणि कोणी चुकलं तर तेही तोंडावर.

"उपोसथ?" सुमनताईने कस्तुराच्या मोरपंखी साडीकडे पाहिलं. "पांढरं न्हाई नेसलीस?"

"मनानं धरलाय, ताई."

"बरं. पण आत्ता पावणेबारा झालेत. बाराच्या आत खाता येतं की! बस बस, भाकरी तव्यावरच हाय."

आणि खरोखर आली. बाजरीची, फुगलेली, वर लोण्याचा गोळा, शेजारी मेथी. सुमनताईने ताट कस्तुरासमोर ठेवलं. वाफ तिच्या नाकात गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला बसवून तव्यावरची भाकरी वाढत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे साठ पदार्थ होते. भाकरी काय, आयुष्यभर आहेच!

"नको ताई," ती म्हणाली. "मी आज सकाळपासूनच काही घेतलं नाही. दिवसभर निराहार धरलाय."

सुमनताईचे डोळे भरून आले.

"जयसिंग, बायको न्हाई मिळाली रे तुला, रत्न मिळालंय. मला साखरेच्या गोळ्या लागल्यापासनं डॉक्टरनं उपोसथ बंद केलाय माझा. तीन वर्षं जीव तुटतोय. आपल्या घरात आता कुणी पाळंना असं वाटलं होतं." तिने पदराने डोळे टिपले आणि चप्पल घातली. "चला, मी पण येते हाटेलात. तिथं मोहाच्या जागा लय. हिच्यासोबत कुणीतरी जाणतं पाहिजे."

"प्लॅनमध्ये नाही, ताई..." जयसिंग म्हणाला.

"कसला प्लॅन? सरक."

कस्तुराने तोंड उघडलं होतं, पण सुमनताईने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. कस्तुरा तिच्यामागे गाडीत जाऊन बसली.

गाडी सुरू होताच सुमनताईने पुढे वाकून जयदीपच्या खांद्यावर टिचकी मारली. "दादा, गाणी बंद करा. सातवं शील. आणि तिच्या हातातला तो वासाचा रुमाल घ्या परत. सुगंध पण सातव्यातच येतो."

रुमाल गेला. मोशीच्या पुढे कंटेनर, ट्रक आणि कंपन्यांच्या बसांची अशी रांग लागली होती की सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. जयसिंग दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून "लाइन थांबली" म्हणत होता. बाहेर एका हातगाडीवर वडे तळले जात होते. काचा बंद असूनही कस्तुराला तो वास आला, किंवा आल्यासारखा वाटला.

दीपमाला तिच्या कानाशी लागली. "वहिनी, खरंच उपोसथ आहे?"

"सकाळी नव्हता," कस्तुरा कुजबुजली. "आता झालाय."

दीपमालाला हसू आवरेना. तिने तोंडावर ओढणी धरली.

"सांगून टाक ना!"

"बघ तिच्याकडे. तू सांगतेस?"

सुमनताई डोळे मिटून, चेहऱ्यावर अपार समाधान घेऊन बसली होती. दीपमालाने नकारार्थी मान हलवली.

हॉटेलात पोचायला सव्वादोन वाजले. बुफे होता, आणि साठच काय, सत्तर पदार्थ असतील. एका टेबलावर नुसती लोणचीच. कढईतून जिलब्या निघत होत्या, निखाऱ्यावर कबाब फिरत होते, पापलेट अख्खंच्या अख्खं पडलं होतं. आणि खाणारं कोण? जयसिंगच्या पोटात तीन घरांचा पाहुणचार होता. त्याने एक काकडी घेतली आणि ती बघत बसला. दीपमाला लिंबूपाणी पीत होती. उरली सुमनताई. ती म्हणाली, "पैसे दिलेत तर वाया कशाला?" आणि तिने बिनसाखरेचं जे जे होतं ते शांतपणे खाल्लं. खाता खाता प्रत्येक पदार्थ कस्तुराला समजावून सांगितला. "हे मासळीचं बरं केलंय. आंबट जरा कमी. तुला त्रास होत न्हाई ना, मी खाल्लेलं?"

"नाही ताई."

"मन कुठं हाय?"

"पापलेटात," कस्तुराच्या तोंडून निघून गेलं.

"तेच बघायचं. बघायचं आणि सोडायचं." सुमनताई कौतुकाने म्हणाली. तिने कस्तुराला नारळपाणी मागवलं. भरल्या टेबलापुढे शहाळं घेऊन बसलेल्या कस्तुराचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या पाच मिनिटांत बेचाळीस जणींनी हात जोडले.

कस्तुराला वाटलं, संध्याकाळी सुमनताई घरी जाईल, मग दीपमालाबरोबर खोलीवर काहीतरी मागवू. साडेचारला दीपमालाचा फोन वाजला. विमानात बिघाड, आता उद्या दुपारी एकला. जयसिंगने खिशातला तक्ता काढला, पाहिला आणि परत घडी करून ठेवला. त्याला सकाळी नऊला कामावर जायचं होतं. तो निघाला.

"खोली आहेच," दीपमाला म्हणाली. "वहिनी माझ्याकडे राहील."

"आणि मी," सुमनताई म्हणाली. "उपोसथ रात्रीच तुटतो. मला ठाऊक हाय."

खोलीतला पलंग आडवा-उभा सारखाच, वर पांढऱ्याशुभ्र सहा उशा. कस्तुराने निदान पाठ तरी टेकावी म्हणून त्यावर हात ठेवला.

"आठवं शील," मागून आवाज आला. "उंच, मऊ आसन न्हाई."

मग सुमनताई आणि दीपमाला पलंगावर, आणि कस्तुरा खाली गालिचावर चादर पसरून. गालिचा घरच्या गादीपेक्षा मऊ होता, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. पोटात आग पडली होती. त्या आगीत पहिल्यांदा राग होता: जयसिंगच्या तक्त्यावर, सुमनताईवर, स्वतःच्या जिभेवर. मग थकून राग विझला. सासूबाई आठवल्या. त्या अशाच पालथी मूठ कपाळाखाली घेऊन जमिनीवर झोपायच्या. लहानपणी उपाशी झोपण्याची सवय होती म्हणायच्या, आता निदान आपल्या मर्जीने. कस्तुराला तेव्हा ते कळलं नव्हतं.

सकाळी साडेसहालाच नाश्त्याचं दालन उघडलं, पण सुमनताई काचेपाशी उभी राहून कारखान्यांच्या पत्र्यांमागून सूर्य वर यायची वाट बघत होती. सातला दोन मिनिटं कमी असताना तांबडी कड दिसली.

"साधु, साधु, साधु," सुमनताई म्हणाली. "चल."

कस्तुरा ताटल्यांच्या रांगेकडे धावलीच होती. सुमनताईने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"उठायचं न्हाई. उपोसथ पाळलेल्याला आपण वाढायचं असतं. त्याचं पुण्य मला लागू दे."

ती गेली. कस्तुरा लांबून बघत होती. सुमनताई डोसे ओलांडून गेली, छोले-भटुरे ओलांडून गेली, जिलबीकडे तर तिने पाठच केली. परत आली तेव्हा ताटात होत्या दोन इडल्या आणि वाटीभर मऊ भात. "रिकाम्या पोटी जड न्हाई सोसत."

कस्तुराने ताटाकडे पाहिलं. वाफ येत होती. पहिला घास तिने तोंडात घातला आणि तेवढ्यात फोन वाजला. जयसिंग. सुमनताईनेच उचलला.

"काय रे? मीठ कुठाय? शोध. ती जेवतीय. नंतर कर." आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

कस्तुराने पालथ्या फोनकडे पाहत पहिला घास गिळला. मग तिने दुसरा घेतला. इडल्या संपल्या तशी सुमनताईने न विचारता तिसरी आणली.

"महिला मंडळात सगळ्या विचारतायत," सुमनताई म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेपासनं विहारात उपोसथाचं शिबिर लावायचं. दर महिन्याला. पहिलं नाव तुझं लिहू का?"

दीपमालाने टेबलाखालून वहिनीला पाय मारला. नाही म्हण, नाही म्हण.

कस्तुराने बोटं पुसली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी वाढणार कोण?"

"आमी. तू नुसतं बसायचं."

"मग लिहा," कस्तुरा म्हणाली. "आणि ताई, जरा तो डोसा आणता का? मसाल्याचा."