लिक्विडेटरसाहेबांचे सहाशे चाळीस तास

मागच्या खोलीच्या खांबांतून वर आलेल्या सोळा सळया, गंजून विटकरी झालेल्या.

सहाशे चाळीस तास.

बंद कारखान्याच्या मोल्डिंग शॉपमध्ये आपणहून उगवलेलं सीताफळाचं झाड. पहिल्या बहराला त्याला तीन फळं आली.

"या उन्हाळ्यात मी टिनाखाली नाही झोपत. मी जातो माहेरी, पांढरकवड्याले."

हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावी.

शेवटची ओळ नोटिशीतली होती. नोटीस भिलाई-३ मध्ये श्यामरावांच्या घरी आली आणि बाकीचं सगळं तिला येऊन चिकटलं.

श्यामराव एका कास्टिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं क्लार्क होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे लिहिणं त्यांचं काम. २०१९ मध्ये कारखाना बुडाला आणि कोर्टाने लिक्विडेटर नेमला. कंपनीचं किडूकमिडूक विकून घेणेकऱ्यांना वाटायचं, हे लिक्विडेटरचं काम. त्यात पहिला घास त्याच्या स्वतःच्या मेहनतान्याचा. तो कोर्टाने मंजूर केला की उरेल ते कामगारांचं. श्यामरावांची ग्रॅच्युइटी त्या उरलेल्यात होती, मागच्या खोलीचा स्लॅब ग्रॅच्युइटीत होता आणि पांढरकवड्याला निघालेली त्यांची बायको तारा त्या स्लॅबवाचून थांबणार नव्हती.

नोटिशीत लिक्विडेटरने कारखान्यात बसून केलेल्या कामाचे तास मांडले होते. सहाशे चाळीस. त्यांचा मेहनताना वजा केला, तर एकेचाळीस कामगारांना चहापाण्याइतकं उरत होतं.

मुलगी मृणाल म्हणाली की बाकी सगळे सही करून राहिले, तुम्हीही 'नो ऑब्जेक्शन' देऊन टाका, झंझटच खतम. श्यामरावांनी चष्मा पुसला.

"हा माणूस कारखान्यात सहाशे चाळीस तास होता, तं मले कावून दिसला नाही?"

प्रश्न बरोबर होता. कारण कारखाना बंद झाल्यावरही श्यामराव तिथे रोज जात होते. घरी टिन तापायचं आणि ताराही. सकाळी दहाला ते फाटकावर पोचत, पहारेकरी धोंडबाबरोबर जुन्या टाइम ऑफिसात बसून पेपर वाचत आणि साडेबाराला जेवायला घरी येत. रविवारी सुटी घेत.

धोंडबाकडे गेट रजिस्टर होतं. स्टोअरमध्ये कोऱ्या रजिस्टरांचा गठ्ठा सापडला होता, तो संपेपर्यंत लिहायचं असं दोघांनी ठरवलं होतं. कुत्रं सोडून प्रत्येकाची नोंद. श्यामरावांनी चार वर्षांची पानं उलटली. लिक्विडेटरसाहेब दोनदा आले होते. एकदा पंचवीस मिनिटं, एकदा सव्वा तास. त्यात त्यांनी सीताफळाच्या झाडाखाली फोटो काढून घेतला होता.

"एक तास चाळीस मिनिटं," श्यामराव म्हणाले.

"मंग तं तो गेला बाबूजी," धोंडबा म्हणाला.

पुढचे आठ दिवस श्यामरावांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. त्यांनी हरकत लिहिली, ती दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवली आणि चारही रजिस्टरांच्या झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्याने चाळता चाळता एकही रकाना रिकामा नाही म्हणून कौतुक केलं, तेव्हा श्यामरावांनी त्याला टाइम ऑफिसचा नियम समजावून सांगितला. ज्यांनी 'नो ऑब्जेक्शन' दिलं होतं, ते कामगार एकेक करून सही मागे घ्यायला आले. ताराने पांढरकवड्याला फोन करून, येणं पुढे ढकललं म्हणून सांगितलं. मिस्त्री येऊन खोली मोजून गेला.

सुनावणी मोबाइलवर होती. मृणालने फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. श्यामरावांनी खाली लुंगी आणि वर इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर न्यायाधीश, लिक्विडेटरचे वकील आणि कोपऱ्यात लिक्विडेटरसाहेब; गोरे, झोप झालेले.

न्यायाधीशांनी रजिस्टर पाहिलं आणि ते खूश झाले. इतकं नीटनेटकं कागदपत्र या प्रकरणात पहिल्यांदाच आलं, असं म्हणाले. लिक्विडेटरच्या वकिलांनीही ते मान्य केलं. आमचाही याच रजिस्टरवर पूर्ण विश्वास आहे, असं सांगून त्यांनी न्यायाधीशांना चौथा रकाना बघायची विनंती केली.

चौथा रकाना होता 'कोणाला भेटायचे'.

तो भरल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा टाइम ऑफिसचा नियम. श्यामरावांनीच तो धोंडबाला शिकवला होता. कारखाना बंद झाल्यावर पहिल्याच दिवशी धोंडबाने त्यांना अडवलं होतं आणि कोणाला भेटायचं ते विचारलं होतं. आत कोणीच नव्हतं. पण जबाबदार अधिकारी म्हणून फाटकावरच्या नोटिशीत एकच नाव होतं, लिक्विडेटरसाहेबांचं. श्यामरावांनी ते लिहिलं. मग रोज लिहिलं.

वकिलांनी मोजून आणलं होतं. सदर हरकतदार एक हजार सेहेचाळीस वेळा लिक्विडेटरसाहेबांना भेटायला कारखान्यात आले आणि दर वेळी अडीच तास आत होते. आमच्या अशिलाने सहाशे चाळीसच तास मागितले, हा त्यांचा विनय.

न्यायाधीशांनी श्यामरावांना हिंदीत विचारलं, हस्ताक्षर आपलंच का? श्यामराव हो म्हणाले. मग यातल्या नोंदी खोट्या आहेत का?

खोट्या म्हटल्या तर रजिस्टर खोटं, आणि तो एक तास चाळीस मिनिटांचा पुरावाही गेला. खऱ्या म्हटल्या तर साहेब चार वर्षं तिथेच होते. तारा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मान हलवत होती. ती हो म्हणत होती की नाही, ते तिलाही ठाऊक नसावं. श्यामराव उभे राहिले, त्यामुळे कोर्टाला आता त्यांची लुंगीच दिसत होती.

"अठ्ठाईस साल में मैंने एक भी एंट्री गलत नहीं की, साहब."

मेहनताना पूर्ण मंजूर झाला. हरकतीला उत्तर देण्याचा वकिलांचा खर्चही कंपनीच्या शिलकीतून द्यायचा ठरला. कामगारांना माणशी अकराशे सत्तर रुपये उरले.

तारा बॅग भरत होती तेव्हा फोन आला. लिक्विडेटरसाहेब स्वतः बोलत होते. ते श्यामरावांशी दहा मिनिटं फार अदबीने बोलले.

"का म्हणे मेला?" ताराने विचारलं.

"त्याच्याकडे अजून तीन बंद कारखाने हायेत. तिथली रजिस्टरं लिहाले माणूस पायजे म्हणे. महिन्याचे सहा हजार."

ताराच्या हातातलं लुगडं अर्धं घडी घालून राहिलं. ती खिडकीतून मागच्या खोलीकडे बघत मनाशी काहीतरी हिशेब करत होती.

"मंग तुमी का म्हणलं?"

"ड्युटी किती वाजता, ते विचारलं."

हरकत कोर्टात पोचली त्याच्या चार दिवस आधी, मेहनताना निम्मा घेऊन प्रकरण मिटवू, असं पत्र लिक्विडेटरसाहेबांनी टाइप करून ठेवलं होतं; रजिस्टरांच्या झेरॉक्स वाचल्यावर ते पाठवलं नाही.