मालखाजच्या दारची बेल

मालखाज सासऱ्याशी फोनवर एकच वाक्य खोटं बोलला. "बाबा, लामाराची काळजी करू नका, आमच्याकडे माणसांची नुसती वर्दळ असते." (त्या दिवशी फोन उचललाच नसता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण सासऱ्याचा फोन न उचलण्याची छाती त्याच्याकडे नव्हती.)

खरी गोष्ट अशी, की ऑस्लोत येऊन दोन वर्षं झाली तरी त्याच्या दारची बेल कुणी वाजवली नव्हती. बेल बिघडली असेल असं वाटून एकदा त्याने स्वतःच बाहेर जाऊन ती दाबून पाहिली. बेल ठणठणीत होती. आतून लामारा केस सारखे करत धावत आली, तिने दार उघडलं आणि समोर नवरा बघून तिचा चेहरा पडला.

"तू आहेस होय," असं म्हणून ती परत आत गेली.

हे नवराबायको जॉर्जियातल्या कुताईसी गावचे. त्या गावात ज्या घरी जेवायला चार परकी माणसं नाहीत, त्या घरी कुणीतरी आजारी आहे असं समजतात आणि मग आजाऱ्याला बघायला चाळीस माणसं येतात. आणि इथे? इथे समोरच्या फ्लॅटमधली नर्स उन्नी दाराच्या भोकातून जिना मोकळा आहे का ते बघायची आणि मगच बाहेर पडायची. खालच्या मजल्यावरचा एगिल, निवृत्त ट्राम ड्रायव्हर, जिन्यात भेटला तर छताकडे बघत "हाय" म्हणायचा. मालखाजने त्याला एकदा जेवायला बोलावलं होतं. एगिल मनापासून खूश झाला, खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "ऑक्टोबरमधला एक गुरुवार मोकळा दिसतोय." तेव्हा फेब्रुवारी चालू होता. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एगिलला सर्दी झाली.

माणसं वाईट नव्हती हो. फक्त कुणाला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा धर्मच होता, आणि तो ती फार कडक पाळत.

मालखाजचे सासरे बोंडोबाबा म्हणजे तालेवार असामी. स्वतःचे द्राक्षमळे, स्वतःचं दारूचं तळघर. मुलीला परदेशी पाठवताना त्यांनी बजावून ठेवलं होतं, "पोर तिथे एकटी पडली असं मला दिसलं, तर पुढच्या विमानाने दोघांना घेऊन येईन. बोगदे काय, कुणीही खणेल. माझ्याकडे बाटल्या धुवायला माणूस हवाच आहे, जावईबापू." मालखाज बोगद्यांचा इंजिनिअर होता. बोंडोबाबांच्या नजरेखाली आयुष्यभर बाटल्या धुण्यापेक्षा एखादा बोगदा अंगावर कोसळलेला बरा, असं त्याला वाटायचं. लामारालाही इथल्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडायची नव्हती.

वर्दळीचं ऐकून बोंडोबाबा फोनवर म्हणाले, "वा. मग लामाराच्या वाढदिवसाला मी येतोच. तुमची सगळी माणसं जमव. यजमानपण माझ्याकडे."

फोन ठेवल्यावर लामाराने विचारलं, "आता वर्दळ कुठून आणणार आहेस? भाड्याने?"

"बघू," मालखाज म्हणाला. काहीच सुचत नसलं की तो "बघू" म्हणायचा.

सुचलं ते खाली कचरा टाकायला गेल्यावर, नोटीस बोर्ड बघून. थोड्याच दिवसांपूर्वी त्या बोर्डावर श्रमदानाची चिठ्ठी लागली होती. इथे नॉर्वेत वसंतात प्रत्येक इमारतीत हे श्रमदान होतं. सगळ्या बिऱ्हाडांनी खाली उतरायचं, अंगण झाडायचं, पाला गोळा करायचा, बाकांना रंग द्यायचा आणि मग कॉफी आणि वॉफल खायचे. कुणी सक्ती करत नाही, पण न येणाऱ्याकडे लोक पुढच्या वसंतापर्यंत ज्या नजरेने बघतात, त्यापेक्षा सक्ती परवडली. आणि गंमत अशी, की त्या दिवशी हीच माणसं अशी काही बोलत सुटतात की विचारू नका. एगिलने मालखाजला आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची कथा टाक्यांसकट सांगितली होती. उन्नीने लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवले होते. मालखाज घरी आला तो तरंगतच. जिंकलो, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एगिल भेटला. छताकडे बघून म्हणाला, "हाय." येरे माझ्या मागल्या.

बोर्डासमोर कचऱ्याची पिशवी हातात धरून मालखाजच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं जेवायला बोलावली तर डायरी काढतात. पण कामाला बोलावली तर फावडं घेऊन येतात. त्याने घरी जाऊन एक कागद घेतला, त्यावर छान अक्षरात लिहिलं, "शनिवारी अकराला श्रमदान. हातमोजे आणावेत. नंतर जेवण." खाली नाव घातलं नाही. कागद बोर्डावर टाचला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर आला.

लामाराने सगळं ऐकून घेतलं. "माझ्या वाढदिवसाला तू लोकांकडून अंगण झाडून घेणार?"

"झाडायचं कुठे आहे? आपण थेट जेवायलाच बसवू."

शनिवारी अकरा वाजता (इथे अकरा म्हणजे अकरा, कुताईसीसारखं दीड नव्हे) अख्खी इमारत अंगणात हजर झाली. अंगात जुने कपडे, हातात हातमोजे, खांद्यावर फावडी, दाताळी, कुणाकडे पहार. सोसायटीच्या अध्यक्षा सिग्रीड, सत्तरीच्या करड्या बाई, त्यासुद्धा आपला झाडू घेऊन आल्या. मालखाज इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला फूल लावून उभा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण सगळ्यात आधी तोच खाली आला होता.

"काय करायचंय?" एगिलने विचारलं.

"आधी जेवू या का?" मालखाज म्हणाला.

कामाआधी जेवण ही कल्पना त्या माणसांच्या सात पिढ्यांत कुणाला शिवली नव्हती.

"अंगण तर स्वच्छ आहे," उन्नी म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वीच झालं की."

मालखाजने अंगणभर नजर फिरवली. एक पान पडलेलं नाही, एक बाक रंगाविना नाही. (काही माणसांच्या टापटिपीचा असाही जाच होतो.) आणि कोपऱ्यात त्याला ती सायकलींची शेड दिसली. कललेली, कुजकी, आत एक मोडकी बाबागाडी आणि दोन गंजक्या सायकली.

"ती पाडायची," तो म्हणून गेला.

बोंडोबाबा आदल्या संध्याकाळी आले होते, सामानात कायद्यात बसेल तेवढी घरची दारू आणि थोडी कायद्यात न बसणारी घेऊन. खालून धडाधड आवाज यायला लागले तसे ते नमद्याची टोपी घालून गॅलरीत आले.

"जावईबापू, हे लोक कोण?"

"आपले पाहुणे, बाबा."

"पाहुणे तुमची शेड का पाडताहेत?"

एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं लागतं, ते इथे तयार झालं. "बाबा, इथली रीत आहे. मेजवानीचं टेबल पाहुण्यांनीच करायचं. म्हणून लाकूड काढताहेत."

बोंडोबाबा टोपी काढून म्हणाले, "म्हणजे या बाबतीत हे लोक आपल्याही पुढे गेले." आणि बाह्या सरसावून खाली उतरले.

आता शेडच्या फळ्यांचं टेबल करणं भाग होतं. मालखाजने नॉर्वेजियनमध्ये जाहीर केलं, की सासऱ्यांच्या मते फळ्या ओंडक्यांवर टाकून सुकवायला ठेवाव्यात, लांबच लांब, सपाट. लोकांनी ठेवल्या. लामाराने वरून चादरी आणून त्यावर अंथरल्या. तिला दोन्ही भाषा समजत असल्यामुळे हसू दाबताना तिचे गाल आतल्या आत चावून लाल झाले होते.

काम संपल्यावर मात्र सगळे विनातक्रार जेवायला बसले, कारण आता जेवण कमावलेलं होतं. चीज भरलेल्या गरम खाचापुऱ्या आल्या, अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी आली, आणि बोंडोबाबा पेला घेऊन उभे राहिले. कुताईसीत यजमान बोलून संपेपर्यंत पेल्याला ओठ लावायचा नसतो. बोंडोबाबा शांततेवर बोलले, पूर्वजांवर बोलले, आईच्या दुधावर बोलले, बोलताना दोनदा रडले. खाचापुऱ्या निवायला लागल्या.

"काय म्हणाले?" एगिलने हळूच विचारलं.

"सुरू करा म्हणाले."

"एवढं बोलून?"

"आमची भाषा जरा पसरट आहे."

एगिलने खाचापुरीचा तुकडा तोडला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "मला दोनला निघायला हवं. टीव्हीवर मॅच आहे."

"काय म्हणतोय हा भला माणूस?" बोंडोबाबांनी विचारलं.

"बाबा, तो म्हणतोय, असं जेवण त्याने आयुष्यात खाल्लं नाही."

बोंडोबाबांचे डोळे भरून आले. ते टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी एगिलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. एगिल ताठ झाला. ट्राम चालवण्याच्या उभ्या हयातीत त्याच्यावर असा प्रसंग आला नव्हता. पण घरची दारू मोठी गुणी होती. तिसऱ्या पेल्याला एगिलने आपण होऊन बोंडोबाबांना हर्नियाच्या टाक्यांची खूण दाखवली, बोंडोबाबांनी सदरा वर करून आपली अपेंडिक्सची दाखवली, आणि त्यापुढे त्या दोघांना दुभाष्याची गरज उरली नाही. मॅच सुरू होऊन संपलीसुद्धा.

मालखाजने लामाराकडे बघून भुवई उडवली. तिने मान डोलावली. बाटल्या धुण्याचं संकट टळलं होतं.

तेवढ्यात सिग्रीड चमच्याने पेला वाजवून उभ्या राहिल्या.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. "ही श्रमदानाची चिठ्ठी मी लावली, आणि मला ते अजिबात आठवत नाही. बोर्डावर वाचली तेव्हा मी हादरले. शेड पाडायचं ठरलेलंही आठवत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. सोमवारी मी डॉक्टरकडे जाते आहे."

उन्नीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

मालखाजने हातातली खाचापुरी खाली ठेवली. गप्प बसलं तर सगळं सुरळीत पार पडणार होतं. सासरे खूश, बायको खूश, बेल वाजण्याची आशा शाबूत. बोललं तर खोट्या चिठ्ठीचा आणि पाडलेल्या शेडचा गुन्हेगार म्हणून ही माणसं जन्मभर छताकडेच बघणार. त्याने सिग्रीडच्या हातावर ठेवलेला उन्नीचा हात पाहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, सिग्रीड," तो उभा राहून म्हणाला. (या देशात अध्यक्षांनाही अरेतुरेच करतात, त्याची त्याला अजून सवय झालेली नव्हती.) "चिठ्ठी मी लावली. शेडचंही मीच ठरवलं, जागेवर उभ्या उभ्या. मला तुम्ही सगळे जेवायला हवे होतात. दुसरं काही सुचलं नाही."

सिग्रीड त्याच्याकडे वळल्या.

"तू लावलीस," त्या म्हणाल्या. "कुणी न सांगता."

"हो."

"स्वतःहून श्रमदान बोलावलंस. स्वतःच्या खर्चाने जेवण घातलंस."

"हो. चुकलंच माझं."

सिग्रीडनी एगिलकडे पाहिलं, एगिलने उन्नीकडे, उन्नीने तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे. मग सिग्रीड सावकाश म्हणाल्या, "मालखाज अध्यक्ष व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." वाक्य संपायच्या आत सगळे हात वर होते. एगिलने दोन्ही केले होते. मग टाळ्या वाजल्या, त्या थांबेचनात.

"काय झालं?" बोंडोबाबांनी विचारलं. "टाळ्या कसल्या?"

मालखाजने त्या दिवसातलं पहिलं खरं भाषांतर केलं. "मला इमारतीचा अध्यक्ष केलं, बाबा."

बोंडोबाबांनी जावयाला छातीशी धरलं आणि ते तिसऱ्यांदा रडले. "परक्या मुलखात, दोन वर्षांत," ते म्हणाले. मालखाजही रडला. सिग्रीड सगळ्यात जास्त रडल्या. अध्यक्षपद कुणीतरी घ्यावं म्हणून त्या गेली सहा वर्षं दारोदार फिरत होत्या, हे मालखाजला किल्ल्यांचा जुडगा हातात पडल्यावर कळलं.

बोंडोबाबा आठवड्याने समाधानाने परत गेले. जाईपर्यंत त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, की जावयाच्या दारची बेल दिवसभर वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मालखाज पेला भरूनच दाराशी धावला होता. दारात उन्नी होती. "सायकली आता कुठे ठेवायच्या?" तिने विचारलं. मागोमाग एगिल आला, त्याचा संडास तुंबला होता. मग तिसऱ्या मजल्यावरची मंडळी आली, चौथ्यावरच्यांच्या पियानोबद्दल. मग चौथ्यावरची आली, तिसऱ्यावरच्यांच्या कुत्र्याबद्दल. आता कुणाच्याही हातात डायरी नव्हती.

महिनाभराने एका रविवारी मालखाजने गुपचूप स्टूल घेतलं आणि बेलची बॅटरी काढून टाकली.

त्याच संध्याकाळी बोंडोबाबांचा फोन आला. थोडा वेळ बोलून ते थबकले. "लामारा, आज बेल वाजलेली ऐकू येत नाही. सगळं ठीक आहे ना?"

लामाराने दाराकडे पाहिलं. बाहेरून एगिल दोन्ही मुठींनी दार बडवत होता आणि मालखाज दिवा बंद करून सोफ्यामागे ओणवा बसला होता.

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "आता दारच ठोकतात. एवढा घरोबा झाल्यावर बेल कोण वाजवतंय?"