भिंतीचं दुपटं

"बहरीनमध्ये माणसांना थंडी वाजत नाही, तिथे भिंतींना कुठली वाजायला!"

दत्तप्रसाद स्टुलाचे पाय धरून उभे होते आणि स्टुलावर चढलेल्या बायकोच्या पोटऱ्यांकडे बघून पुटपुटत होते. "आणि गोधडी तरी केवढीशी! माझा एक पाय मावेल फार तर. तोही गुडघ्यापर्यंत."

"अहो, ही पांघरायची नाही, बघायची आहे. आर्ट आहे ही! पिना द्या."

पिना लागत होत्या, कारण दांडी ओवायची पट्टी मागे शिवायलाच मेधा विसरली होती. भिंतीवर टांगायच्या गोधडीला पट्टी नाही! लग्नाला गेलं आणि अक्षता विसरल्या, त्यातला प्रकार. पण मेधा सगळं व्हिडिओ बघून शिकलेली. थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

मनामाच्या त्या हॉलमध्ये शुक्रवारचं एका दिवसाचं प्रदर्शन होतं. आयोजक सुहा, इथलीच, तोंडभर हसणारी बाई. तिने विषय सांगितला होता, "इंतिजार!" अरबीतला हा एकच शब्द मेधाला न शिकता कळला. त्यावर प्रत्येकीने आपली गोधडी करायची, लांबी-रुंदी मीटरभर, जास्त नाही. सायराने सौदीच्या पुलावरची गुरुवार संध्याकाळची गाड्यांची रांग शिवली होती. एकीने समुद्राकाठी उभ्या असलेल्या, मोती काढायला गेलेल्या नवऱ्यांची वाट बघणाऱ्या बायका. मेधाने काय शिवलं? दाराबाहेरचा चपलांचा स्टँड! पाच खणांचा. एका खणात दत्तप्रसादांची कोल्हापुरी, एकात स्वतःच्या सपाता, एकात मुलाचे, मयुरेशचे, बूट, एकात सूनबाईंच्या, कस्तुरीच्या, उंच टाचा. पाचवा खण रिकामा.

"पाचव्यात काय?" दत्तप्रसादांनी विचारलं होतं.

"कापड संपलं," मेधाने सांगितलं होतं.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. मेधाला कशाचा अभिमान असेल, तर तो न विचारण्याचा! मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दोघं रिफाला राहतात, ही नवऱ्याबरोबर मनामाच्या नईम भागातल्या जुन्या फ्लॅटमध्ये. सहा वर्षांत तिने एकदाही 'काय मग, कधी?' असं विचारलेलं नाही! भिशीत बायका सुनांना सतावल्याच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा ही ताठ बसून म्हणायची, "आम्ही नाही बाई विचारत. त्यांचं आयुष्य, त्यांचं बघतील." गेली दोनतीन वर्षं शनिवारी सकाळी दोघं कधीच यायची नाहीत, 'ब्रंच असतं, आई' म्हणायची. त्यावरही ही चकार शब्द काढत नसे.

तर, गोधडीला इंग्रजीत नाव द्यायचं होतं. 'वेटिंग' आधीच तिघींनी घेतलेलं. इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस विनीत ऑडिटर, इंग्रजी पाण्यासारखं. मेधाने त्याला फोन लावला.

"'वाट बघताना' याला एका शब्दात काय म्हणतात रे?"

"एक्स्पेक्टिंग!" विनीतने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. विनीतचं लग्न झालेलं नाही.

आणि दहा वाजता दारं उघडली, तेव्हा मीटरभर गोधडीखाली, रिकाम्या पाचव्या खणाच्या बरोब्बर खाली, सुबक अक्षरांत पाटी होती, 'एक्स्पेक्टिंग'. खाली अरबीतही काहीतरी होतं. ते भाषांतर सुहाच्या भाचीने केलं होतं, अगदी चोख!

पहिल्या आल्या पुष्पलताताई. नागपूरच्या, तुबलीला एका गॅरेजच्या ऑफिसात नोकरी, जीव लावणाऱ्या. त्यांनी गोधडी बघितली, पाटी वाचली, पुन्हा गोधडी बघितली, आणि मेधाला अशी मिठी मारली की तिचा चष्मा पदरात पडला.

"काहून वो मेधाताई, मले सांगतलं नाही तुम्ही!"

"काय सांगितलं नाही?"

"आता लपवता काय! दुपटं भिंतीवर टांगलं न वर विचारता काय म्हणून!"

"दुपटं नाही हो! वॉल हँगिंग आहे!"

"हो हो, तीन महिने झाल्याशिवाय बोलत नसतात. समजते मले." त्यांनी डोळा मारला आणि फोटो काढला.

तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर किती मिनिटांत गेला, ते विचारू नका. मेधाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत अभिनंदनाचे एकोणीस निरोप आले होते! तेवढ्यात सुहा धावत आली. तिने गोधडीचा कोपरा उलटून मागची बाजू बघितली, बोटं फिरवली, "एकही गाठ नाही! माशाल्ला!" म्हणाली आणि मेधाचे दोन्ही गाल ओढले. "मबरूक, मबरूक! आजी होणार!"

"अगं बाई, तू पण? तुला कोणी सांगितलं?"

सुहाने पाटीवरच्या अरबीवर बोट ठेवलं. तिथे चक्क 'गरोदर' लिहिलं होतं!

तिकडे रिफाच्या सुपरमार्केटमध्ये कस्तुरीच्या हातातलं कलिंगड एका अनोळखी बाईने हिसकावून घेतलं. "जड उचलायचं नाही!" मयुरेशला बॉसचा अभिनंदनाचा फोन आला. मग मयुरेशचा कस्तुरीला. मग कस्तुरीचा मेधाला.

"आई, ग्रुपवर काय चाललंय? मयुरेश मलाच विचारतोय, 'तुला काही सांगायचंय का?' म्हणून."

"काही नाही गं! पाटीचा घोळ आहे. आत्ता निस्तरते!"

निस्तरते! हा शब्द मेधाने उच्चारला की दत्तप्रसाद घरात पंखा बंद करतात, गॅस बघतात आणि पाकीट खिशात ठेवतात. इथे त्यांना स्टुलापलीकडे काही सापडेना, म्हणून ते त्याच्यावर बसले.

मेधाने कागदाची एक चिठ्ठी फाडली, मार्करने ठळक 'नॉट' लिहिलं आणि पाटीवरच्या शब्दाआधी चिकटवलं. 'नॉट एक्स्पेक्टिंग'. झालं! विषय खलास!

पाच मिनिटांत एक गोरी बाई आली, तिने पाटी वाचली, मेधाचा हात हातात घेतला आणि न बोलता डोळे पुसले. तिच्यामागून आणखी दोघी. रांगच लागली! पुष्पलताताई बाजारातून कैऱ्यांची पिशवी घेऊन परतल्या, पाटीसमोर थबकल्या आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"अरेरे... कधी झालं वो? आत्ता तर..."

"काही झालं नाही! काही नव्हतंच!"

"तसंच म्हणत असते माणूस," पुष्पलताताई पुटपुटल्या आणि कैऱ्या मागे लपवू लागल्या.

दोन तासांत एक नातवंड आलं काय आणि गेलं काय! ग्रुपवरचे फुलांचे गुच्छ थांबले आणि हात जोडलेले निरोप सुरू झाले. मेधा ती चिठ्ठी ओरबाडायला धावली. पण डिंक तिने मन लावून लावला होता. ती नखांनी खरवडत असताना मागून पावलं वाजली. उंच टाचांची. चौथ्या खणातल्या.

कस्तुरी पाटी वाचत होती. तिच्यामागे मयुरेश, कान लालभडक.

"अगं, हा विनीत गाढव आहे," मेधा म्हणाली. "आणि मी त्याच्याहून मोठी. हे साधं वॉल हँगिंग—"

कस्तुरी हसली. पण 'नॉट'वरची नजर तिने लवकर काढली नाही.

सहा वाजता प्रदर्शन संपलं. पुष्पलताताईंनी निघताना कैऱ्या गाडीत ठेवल्याच. "लोणचं घाला," एवढंच म्हणाल्या.

मयुरेश गाडी चालवत होता, शेजारी दत्तप्रसाद. मागे मेधा आणि कस्तुरी, दोघींच्या मध्ये घडी केलेली गोधडी.

कस्तुरीने गोधडी मांडीवर घेतली, उलटी केली. मागचं अस्तर मेधाच्या जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. तिने त्यावरून तळवा फिरवला. एकदा. मग पुन्हा.

"आई, गाठी कुठे आहेत?"

"आत. दोन थरांच्या मध्ये घेतल्यात."

"का?"

"टोचू नयेत म्ह..." मेधाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"भिंतीला गाठी टोचत नाहीत, आई."

पुढे दत्तप्रसाद खाकरले. मयुरेशने लाल सिग्नलला गाडी थांबवली आणि उगाच आरसा सरळ केला.

"दुपटं आहे ना हे?"

सकाळपासून मेधाने पुष्पलताताईंना, सुहाला, दहाबारा अनोळखी बायकांना आणि फोनवर साऱ्या मंडळाला नाही म्हणून सांगितलं होतं. आताही तिने 'वॉल'चा 'वॉ' जुळवला. पण तो काही बाहेर आला नाही.

"हो गं," ती म्हणाली. "दुपटंच आहे."

आता सूनबाई चिडणार. चिडावंच. मेधाने हात मांडीवर घेतले, तयारीत बसली. कस्तुरीने दुपटं उचललं आणि गालाला लावलं.

"मला वाटायचं, तुम्हाला नकोच आहे."

"मला? नको?"

"सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत."

मेधाचा सहा वर्षांचा अभिमान जागच्या जागी, सुई लागलेल्या फुग्यासारखा बसला. सिग्नल हिरवा झाला. मयुरेशने गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्यानेही. एरवी अशा वेळी दत्तप्रसाद अख्ख्या बहरीनचा उद्धार करतात. आज ते मागे वळून सूनबाईंकडे बघत होते.

"शनिवारचं ते ब्रंच नसतं, आई," कस्तुरी दुपट्यातच बोलली. "डॉक्टर असतो. तीन वर्षं झाली. आम्हालाही हवंय. होत नाहीये."