बत्ती लाल झाल्यावर घ्यावयाची काळजी

यंत्र बिघडले तर यंत्राची तपासणी होते आणि मूल बिघडले तर त्याच्या आईची, या एका तत्त्वावर आपली औद्योगिक आणि कौटुंबिक व्यवस्था गेली कित्येक वर्षे सुरळीत चालू आहे.

आदिनाथ हा या दोन्ही व्यवस्थांचा जबाबदार अधिकारी होता. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीचा प्रमुख होता (कंपनी गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवते, दरवाजा दुसरे कुणी बनवते आणि आपटते तिसरेच), आणि दिघीतल्या फ्लॅटमध्ये तो सात वर्षांच्या रविराजचा बाप होता. कंपनीत लाखात चार बिजागऱ्या खराब निघत. घरी नग एकच असल्यामुळे टक्केवारी काढताना त्याची पंचाईत होई.

रविराज वाईट मुलगा नव्हता. शाळेची घंटा झाली की तो कान झाकून बाकाखाली जाई, कुणी ओढून काढायला गेले की चावे, आणि हाताला लागेल ते भिरकावी. शाळेच्या दारावर ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ अशी सुबक पाटी होती. रविराजने ती जरा जास्तच मनावर घेतली, असे शाळेचे म्हणणे पडले. त्याला दुसरीच्या वर्गात ठेवायचे की घरी बसवायचे, याचा निर्णय महिनाअखेरच्या बैठकीत होणार होता.

या काळात समाजाने कुटुंबाला भरभरून आधार दिला, हे नमूद केले पाहिजे. आधाराची विभागणी अशी : ‘दोन ठेवून द्या’ चाळीस टक्के, ‘मोबाइल काढून घ्या’ तीस टक्के, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ पंचवीस टक्के. उरलेले पाच टक्के लोक काही न बोलता लिफ्टचे दार लावून घेत. (आदिनाथला हेच सर्वांत समंजस वाटत.) सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रे आली, आणि त्याखालीच रात्री आरडाओरडा नको अशी सूचनाही आली.

आदिनाथची बायको रोहिणी हिला मात्र एवढा आधार झेपेना. तिने औषधांच्या दुकानातली नोकरी तात्पुरती सोडली होती, आणि त्या तात्पुरतेपणाला चौथे वर्ष लागले होते. ती उभ्या उभ्या जेवायची, कुणाच्या लग्नाला जायची नाही, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आदिनाथचे याकडे दुर्लक्ष होते असे कुणी म्हणू नये. एवढा वेळ पाणी का वाहते म्हणून त्याने दोनदा नळाचा वायसर बदलला होता.

शाळेत मुलांशी बोलायला मिनल मॅडम म्हणून एक बाई येत. त्यांनी नवराबायकोला बोलावून घेतले.

“सर, तो त्रास देत नाहीये, त्याला त्रास होतोय,” त्या म्हणाल्या. “भडकला की शिकवायला जाऊ नका. ‘का केलंस?’ विचारू नका. त्याच्याजवळ खाली बसा, गप्प राहा, पाणी द्या. शांत झाला की बोला.” मग त्यांनी वही मिटली. “आणि मिसेसकडे कोण बघतं?”

“ती घरीच असते,” आदिनाथ म्हणाला.

परतताना मात्र त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे सगळे त्यांच्या कंपनीत आधीपासून होते! उत्पादनाच्या लाइनवर एक दोरी असते. काही चुकतेय असे ज्याला वाटेल त्याने ती ओढायची. लाल बत्ती लागते, लाइन थांबते, साहेब धावत येतो आणि आधी ‘धन्यवाद’ म्हणतो. ओढणाऱ्याला कुणी रागवायचे नाही, हा मुख्य नियम. या विषयावर आदिनाथचे भाषण कंपनीत गाजलेले होते. ते इतके प्रभावी होते की तीन वर्षांत कुणी दोरीला हात लावला नव्हता. (एकदा कोंडीरामने ओढली होती. त्याला कुणीही रागावले नाही. फक्त त्याची पॅकिंगला बदली झाली.)

आदिनाथने भंगारातली एक तीन रंगांची बत्ती रीतसर गेटपास करून घरी आणली आणि फ्रीजवर बसवली; तिची बटणे रविराजच्या हाताला येतील अशी खाली लावली. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे मदत हवी. लाल म्हणजे सगळ्यांनी हातातले काम सोडून यायचे, खाली बसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. नियमांना प्लास्टिकचे आवरण घालून ते भिंतीवर लावण्यात आले.

त्याची आई, सारजाबाई, निघोज्याहून राहायला आली होती. तिने बत्तीकडे बराच वेळ पाहिले. “आमी तर पोरगं रडलं की उचलून घ्यायचो. त्याला आता लाइट लागती व्हय?”

“आई, ही सिस्टिम आहे.”

“आसंल बाबा.”

आणि खेदाची गोष्ट अशी, की सिस्टिम चालली. मिक्सर सुरू झाला की रविराज धावत जाऊन लाल बटण दाबी. आदिनाथ फरशीवर त्याच्या शेजारी मांडी घालून बसे. तिथे बसल्यावर तो मिक्सर किती भयंकर ओरडतो हे त्याला पहिल्यांदा कळले. (मिक्सरची निवड त्याचीच होती.) एकदा तर पोराने त्याच्या खांद्यावर डोके टेकले, आणि क्वालिटीच्या प्रमुखाला हुंदका आला. चावण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. एकदा सारजाबाईनेही लाल दाबली. सगळे धावले तर म्हणाली, “काय न्हाई. कुनी जवळ बसंना, म्हनून दाबली.”

मग एका संध्याकाळी रोहिणीने लाल दाबली.

आदिनाथ तेव्हा हेडफोन लावून जर्मनीच्या ग्राहकाशी बोलत होता. त्याने बत्ती पाहिली आणि दोन बोटे वर करून ‘आलोच’ अशी खूण केली. अर्ध्या तासाने तो आला तेव्हा बत्ती हिरवी होती आणि रोहिणी कणीक मळत होती. ‘अडचण आपोआप दूर झाली,’ अशी त्याने नोंद केली आणि त्याला सिस्टिमचा अभिमान वाटला.

बैठकीच्या दिवशी तो रोहिणी आणि रविराजसह, घटत्या चाव्यांचे आलेख घेऊन शाळेत गेला. प्रिन्सिपल मॅडमनी ते पाहिले, कौतुकही केले. मग म्हणाल्या, “पण इतर पालकांच्याही भावना आहेत ना? तर सध्या त्याला घरीच ठेवू या. आम्ही त्याला खूप मिस करू.”

त्यानंतर जे घडले त्याला आदिनाथच्या खात्यात ‘नियंत्रण सुटणे’ म्हणतात. त्याने टेबलावर मूठ आपटली. “घरी ठेवा म्हणजे? मिस करू म्हणजे काय?” त्याचा आवाज पार मैदानापर्यंत गेला. आलेख भिरकावला गेला, पेनस्टँड आडवा झाला, आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. मिनल मॅडम उठायला लागल्या. त्याच्या ओरडण्याची लाज रोहिणीला वाटली, आणि कुणीतरी ओरडले याचा आनंदही झाला.

रविराज कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उतरला. त्याने कान झाकले नाहीत. टेबलावरचा पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी उचलून त्याने बापापुढे धरला, आणि त्याच्या बुटांशेजारी फरशीवर बसला. ‘का केलंस?’ असे त्याने विचारले नाही. आदिनाथ पाणी प्यायला. मग त्याला बसायला खुर्ची सापडेना, म्हणून तोही खालीच बसला.

प्रिन्सिपल मॅडमनी आडवा झालेला पेनस्टँड उभा केला. शेवटी शाळेने ठराव केला : रविराजने शाळेत यावे. वडिलांना पुढच्या बैठकीस यायचे असल्यास त्यांनी रविराजला सोबत आणावे.

परत येताना मुलगा स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसला होता. मॅगझिन चौकापाशी रोहिणी म्हणाली, “परवा मी लाल लावली होती. कोण आलं?”

“अगं, कस्टमरचा कॉल होता.”

“हो ना. मी काय, घरीच असते.”

आदिनाथने स्कूटर कडेला घेतली. तो तिथेच फूटपाथवर बसला, आणि ती शेजारी बसून मोठ्याने रडेपर्यंत गप्प राहिला. येणारेजाणारे बघत होते. रविराज दोघांची हेल्मेटे सांभाळत उभा होता.

अशा मुलांविषयी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांविषयी वाचकांच्या मनात आस्था निर्माण व्हावी, हा या कथेचा उद्देश आहे, आणि तो सफल झालेला दिसतो. तुम्ही तर इतके तल्लीन झालात की मघाशी तुमच्याच घरातून कुणीतरी दोन हाका मारल्या, तेव्हा मान वर न करता तुम्ही खेकसलात, “वाचू द्या की जरा!” तिसरी हाक आली नाही, ती का, हे अजून तुम्ही उठून पाहिलेले नाही.