वापस कसा येशीन?

आमच्या भास्करभाऊंना तुम्ही सांगितलंत की मी उद्या महाबळेश्वरला चाललोय, तर ते वा म्हणणार नाहीत, कोण कोण चाललंय ते विचारणार नाहीत, स्ट्रॉबेरीचं तर नावच नको. चष्मा कपाळावर ढकलून एवढंच म्हणतील, "वापस कसा येशीन?"

आणि "गाडीनं" असं म्हणून तुम्ही सुटायला बघाल तर मेलातच. कोणती गाडी, किती वाजता, ती चुकली तर पुढची कोणती, ती रविवारी असते का, हे सगळं झाल्याशिवाय तुमचा जीव सुटत नाही. एकदा पुण्याहून कंपनीचे मोठे साहेब आमचं ऑफिस बघायला आले. जिना चढून बिचारे धापा टाकत होते. भाऊंनी हातात पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "वापस कसे जासान, साहेब?" साहेबांना वाटलं, आपल्याला हाकलून राह्यले. ते अर्ध्या तासात निघालेसुद्धा.

आमचं ऑफिस म्हणजे मेहकरला बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सॉफ्टवेअर बनवतो म्हटलं की खालचे गिऱ्हाईक शेतकरी वर बघून हसतात. हे ऑफिस उभं राहिलं ते भाऊंमुळे. घरून काम करायचे दिवस संपले, कंपनीनं सगळ्यांना पुण्याला बोलावलं, तेव्हा भाऊंनी पत्र लिहिलं की आम्ही याच भागातले पाच जण आहोत, इथेच एकत्र बसू, काम कमी पडलं तर सांगा. कंपनीनं चक्क ऐकलं. अमोल, स्नेहा, इरफान, मी आणि आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे भास्करभाऊ अवसरमोल. राहणार जानेफळ, येणं-जाणं एसटीनं. मोटारसायकल त्यांना चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही, कारण पंक्चर झाली तर वापस कसं येणार.

भाऊंचं जग किती मोठं, तर जिथून शेवटच्या बसनं रात्रीच्या आत जानेफळला परतता येतं, तेवढं. खामगाव त्यात बसतं. शेगाव सकाळी लवकर निघालं तरच बसतं. त्याच्या पलीकडची पृथ्वी त्यांनी वेळापत्रकातच पाहिली आहे.

दुपारी खाली चहाला उतरलो की आमच्या गप्पा दोनच गोष्टींच्या. कोड लिहायचं नवीन टूल कोणतं आलं, आणि फिरायला कुठं जायचं. अमोलला दर महिन्याला कोड लिहायचा नवीन एडिटर लागायचा आणि दर महिन्याला गोव्याला जायचं असायचं. भाऊ अजून त्याच जुन्या काळ्या स्क्रीनवर लिहितात, माऊसला हात लावत नाहीत. अमोल म्हणायचा, "भाऊ, दुनिया कुठं गेली, पाहा जरा." भाऊ बशीत चहा ओतत म्हणायचे, "जाऊ दे ना बे. वापस आली का सांगजो."

गोव्याचं एकदा खरंच ठरलं. भाऊंनी नियोजन करून दिलं, नऊ पानांचं. त्यातली सात पानं परतीची. सातव्या पानावर, दरड कोसळून घाट बंद झाला तर कोल्हापूरहून सोलापूरमार्गे कसं यायचं ते होतं. ते वाचून स्नेहाच्या आईनं तिला पाठवलंच नाही, मग बाकीच्यांचंही मोडलं. शेवटी आम्ही लोणारला गेलो, डबे घेऊन. सगळे धावत सरोवरापर्यंत उतरले. भाऊ वरच, काठावर. "उतराले काय लागते वं? चढाचं पाह्य." वर येताना स्नेहाचा पाय मुरगळला. आम्ही तिला कसंबसं आणतोय तर अर्ध्या वाटेवर भाऊ उभे, हातात पाण्याची बाटली आणि क्रेप बँडेज. वर रिक्षावालाही थांबवून ठेवलेला. तो म्हणाला, "भाऊनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, चार वाजता कोणीतरी लंगडत येईन."

कामातही तेच. कोणीही कोडमध्ये काही बदलायला घेतलं की मागून आवाज, "हे बिघडलं तर वापस कसा येशीन?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम दिला. हुकूम द्यायची जी काळी खिडकी असते, ती दिवस संपला तरी बंद करायची नाही, कारण आपण काय केलं ते मशीन तिथं लिहून ठेवतं. ऑफिसात सगळ्यांचं मिळून एक सामाईक मशीन होतं, त्याच्यावर तर त्यांनी चिठ्ठीच चिकटवली होती, "खिडकी बंद करू नये. हुकुमावरून, भास्कर." मी त्यांना कितीदा चिडवलं असेल.

मग कंपनीनं एक नवीन टूल दिलं, आपण सांगायचं आणि त्यानं कोड लिहायचा. मी तर लट्टूच झाले. भाऊंनी चष्मा वर ढकलला, पुढे वाकले आणि टाईप केलं, "वापस कसा येशीन?" त्यानं नम्रपणे विचारलं, आपण सध्या कोणत्या शहरात आहात? भाऊ म्हणाले, "हुशार हाय. पन अर्धा."

एकेक करून माणसं जायला लागली. अमोल पुण्याला, स्नेहा हैदराबादला, इरफान दुबईला. प्रत्येकाला भाऊंनी तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येकानं हसून सांगितलं, "येऊ ना भाऊ, कुठं जातो!" उरलो आम्ही दोघं. आणि मग मला बंगळूरहून बोलावणं आलं. चांगली नोकरी, नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. तरी भाऊंना सांगायला मी चार दिवस लावले. सांगितलं तेव्हा ते "चांगलं झालं" म्हणाले आणि खाली चहाला गेले, एकटेच. मला न विचारता चहाला जायची ही पहिली वेळ. प्रश्नही विचारला नाही.

जाण्याआधीच्या आठवड्यात कंपनीचा निरोप आला की सगळा कोड नव्या ठिकाणी हलवायचाय, जुनी अडगळ काढून टाका. आता अडगळ म्हणजे काय, तेही सांगते. मूळ कोड म्हणजे समजा झाडाचं खोड. प्रत्येक जण आपल्या कामासाठी त्याची एक फांदी काढतो, काम झालं की ते खोडात मिसळतो आणि फांदी छाटतो. आमच्या झाडाला तीन फांद्या उगाच लटकत होत्या. नावं होती अमोल, स्नेहा, इरफान. ही माणसं जाऊन किती दिवस झालेले. गुरुवारी सामाईक मशीनवर बसले, नव्या टूलला म्हटलं, छाट. त्यानं त्याच काळ्या खिडकीत हसतमुखानं छाटलं. या फांद्यांना शेवटचा हात कधी लागला ते बघायचं मला सुचलं नाही. म्हणजे अर्धी हुशार मीही.

शुक्रवारी चार वाजता भाऊ त्या मशीनसमोर बसले. दर शुक्रवारी चारला ते तिथं बसायचे, मला वाटायचं बॅकअप घेतात. त्यांनी फांद्यांची यादी वर-खाली पाहिली. मग हळूच म्हणाले, "शीतल, इथं पोरायच्या फांद्या होत्या."

"काढल्या मी, भाऊ. अडगळ होती ना."

ते वळले. इतकी वर्षं ऐकलेला प्रश्न त्यांनी विचारला, पण आवाज निराळा होता. "मंग ते वापस कसे येतीन वं?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं, खाली बघत, चोरी पकडल्यासारखं. दर शुक्रवारी ते आठवडाभराचं सगळं नवीन काम त्या तीनही फांद्यांत स्वतः मिसळत होते. पोरगं उद्या परत आलं, आपल्या खुर्चीवर बसलं, तर त्याला जुनाट कोड दिसू नये. जिथं सोडलं तिथूनच, पण आजपासून काम सुरू करता यावं. "फांदी लय मागं राह्यली का मंग जोडता येत नाई," ते म्हणाले. "मानूस म्हनते, जाऊ दे आता."

आम्ही चौघांनी या माणसाची किती नक्कल केली होती, चहाच्या टपरीवर, त्यांच्यादेखत.

"खिडकी बंद केली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ. तुमची चिठ्ठी होती ना."

खिडकी कालपासून उघडीच होती. छाटलेल्या प्रत्येक फांदीपुढे मशीननं तिचा खुणेचा आकडा लिहून ठेवला होता, त्या आकड्यावरून फांदी परत उभी करता येते. भाऊंनी आकडे वाचले, मी टाईप केले. अमोल आला, स्नेहा आली, इरफान आला. भाऊंनी प्रत्येकात या आठवड्याचं काम मिसळलं. मग मला उठवून स्वतः कीबोर्डवर बसले आणि चौथी फांदी काढली. माझ्या नावाची. अजून माझी खुर्चीही रिकामी झाली नव्हती.

अडगळीचं कंपनीला काय सांगायचं, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "सांग का चार मानसं कामावर हायेत."

रविवारी ते मला सोडायला बस स्टँडवर आले. बॅगा नीट ठेवल्या, ड्रायव्हरला दोन सूचना दिल्या. गप्पा मारल्या त्या माझ्या नव्या ऑफिसात कोणता एडिटर वापरतात याच्या. तो प्रश्न काही त्यांच्या तोंडून येईना. मी वाट बघून बघून थकले आणि पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. बंगळूरहून शेगावपर्यंतचं, दिवाळीचं तिकीट. जायचं तिकीट काढायच्या आधी मी ते काढलं होतं.

भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला. तिकीट दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही वाचली. मग अर्थातच चूक काढली. "गाडी शेगावले साडेआठले येते. मेहकरची शेवटची बस साडेसातले निंगते. कसं केलं वं हे?"

"राहीन मी कुठंतरी लॉजवर."

"काऊन? मी येतो ना घ्याले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. रात्री साडेआठचं शेगाव. भाऊंच्या पृथ्वीवर ही जागाच नव्हती. मोटारसायकल येत नाही, बस गेलेली, जानेफळ तिकडं लांब.

"भाऊ," मी म्हटलं, "मग तुमी वापस कसे येसान?"

त्यांनी तिकिटाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पर्सची चेन लाव म्हणून खूण केली.

"तू असशीन ना संगं," ते म्हणाले.